ओहम मास्तरांचं आडनाव

निपाणीत त्या काळी नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारत. आडनाव कळलं की पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं, माणसाला आत सोप्यात बसवायचं, ओट्यावर बसवायचं की अंगणातच उभं ठेवायचं, हे आपोआप ठरे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मी येळ्ळूरचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझं आडनाव ऐकलं की बऱ्याच घरांतून 'या, बसा' म्हणत, आणि जिथं म्हणत नसत तिथं मी जात नसे. असं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी मी तिथल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत होतो. शास्त्र शिकवायला जो माणूस होता त्याला सगळं गाव ओहम मास्तर म्हणे. त्यांचं खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ते सांगत नसत. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की मला आधी राग येतो. गावाचा येतो, शाळेच्या कमिटीचा येतो, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचाही येतो. राग शांत झाल्यावर लिहू म्हणून इतकी वर्षं थांबलो. तो काही शांत होत नाही, तेव्हा रागासकटच लिहितो.

विजेचा प्रवाह तारेतून जाताना तार त्याला थोडीफार अडवते. ती किती अडवते ते मोजायचं माप म्हणजे ओहम. धान्याला शेर, कापडाला वार, तसा तारेच्या अडवणुकीला ओहम. पण शेर काय, वार काय, कुणाचं नाव नव्हे. ओहम हे एका माणसाचं आडनाव, आणि ह्या एका गोष्टीनं मास्तर वेडे झाले होते. वर्गात दिवसातून पहिल्यांदा तो शब्द आला की ते खुर्चीवरून उठत, डोक्यावरची काळी टोपी नीट करत आणि मगच उच्चार करत. पोरं वस्ताद. तास सुरू झाला रे झाला की कुणीतरी मागच्या बाकावरून विचारी, "मास्तर, तारंचा अडथळा कशात मोजत्यात?" मास्तर उठत. पोरं हसत. हसलेलं दिसलं की मास्तर खडू फेकून मारत आणि नेम कधी चुकत नसे.

"हसताय काय रं? कुलुपं करणाऱ्याचा पोर होता त्यो," ते ओरडत. "बाप कुलुपं करायचा. आणि आज विलायतेतल्या लाटसायबाला सुद्धा तार मोजायची असली तर त्या कुलपवाल्याचं नाव घ्यावं लागतंय. विजेचं दुसरं एक माप, फॅरड म्हणतासा न्हवं, त्यो फॅरडे लोहाराचा. कुणी इचारलं काय त्यास्नी, तुमी कुणातले म्हणून?"

हे बोलताना त्यांचा आवाज शेजारच्या माझ्या वर्गात येई आणि माझ्या पोरांच्या हातातली पेन्सिल थांबे. मी भिंतीवर डस्टर आपटायचो. ते पलीकडून आपटायचे. अशी आमची ओळख झाली.

हजेरी घेताना ते आडनाव वाचत नसत. पहिला शंकर, दुसरा शंकर, उंच शंकर, असं चाले. एकदा इन्स्पेक्टर आला असताना त्यानं ह्याबद्दल विचारलं. मास्तर म्हणाले, "आडनाव बापानं दिलेलं असतंय साहेब. त्याला किंमत आपुण आणायची असती. ह्या पोरांनी अजून आणलेली न्हाय. मी बी न्हाय." इन्स्पेक्टर बेळगावचा, सुशिक्षित माणूस. तो हसून निघून गेला. मस्टरवर मास्तर नुसती आद्याक्षरं काढत आणि त्यापुढं पदवी लिहीत. हेडमास्तरांनी त्यांचे दाखले पाहिले होते, तेवढेच एक जाणणारे. पण निपाणीसारख्या ठिकाणी बी. एस्सी. झालेला मास्तर टिकवणं अवघड, म्हणून हेडमास्तर मूग गिळून बसले होते.

गाव मात्र गप्प बसलं नाही. खानावळवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. मास्तरांनी सांगितलं नाही, त्यानं ताट वाढलं नाही. मग हा माणूस स्वतः चुलीवर भात आणि कुळथाचं पिठलं करून खाऊ लागला. त्यावरून लोकांनी अंदाज बांधले. कुळीथ खातो म्हणजे अमुक. मांसमच्छी शिजल्याचा वास येत नाही म्हणजे तमुक. ते घाटमाथ्यावरच्या, धो धो पावसाच्या कणकुंबीकडचे आहेत एवढं कळलं होतं, कारण बारा महिने काखेत छत्री. उन्हाळ्यात सुद्धा. "आमच्याकडं पाऊस सांगून येत न्हाय," म्हणत. तर कणकुंबीकडं कोण कोण राहतं, ह्याची चर्चा तंबाखूच्या वखारीत बसून थोरामोठ्यांनी केली. ज्यांचा कोट्यवधी पानांचा व्यापार होता त्यांना दुपारी हा धंदा. सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

त्यांना खोली दिली ती एका अत्तारांनी. म्हातारे अत्तार म्हणाले, "मास्तर हैं ना? बस." त्याच घराच्या पुढच्या खोलीत मी राहायला गेलो, कारण शाळा जवळ होती. येळ्ळूरला आमच्या आप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला की ज्याचं आडनाव ठाऊक नाही त्याच्या हातचं खाऊ नकोस. मी खात होतो. एकदा मात्र न राहवून मी विचारलं, "मला तरी सांगा की." मास्तर पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कुळथाचं पिठलं मात्र माझ्या दारात ठेवून जायचे, भांडं आपटून.

त्यांचा राग असा कुठंही, कुणावरही निघे. बाजारात बॅटरीचे सेल विकणारा एक जण होता. त्यानं 'दीड व्होल्टचा' म्हटलं की मास्तर त्याला पकडत. व्होल्ट कुणाच्या नावावरून आलं, कुठला तो, सांग. त्याला बिचाऱ्याला सांगता येत नसे. शेवटी मास्तर लांबून छत्री घेऊन येताना दिसले की तो दुकानाची फळी लावून घेई. गंमत वाटायची. पण मास्तरांच्या मनात गंमत नव्हती. ज्या जगात आडनावानं माणूस मोजतात त्या जगात, आडनावानं वीज मोजता येते हे त्यांना कुठल्यातरी वयात कळलं होतं, आणि त्या आधारावर ते जगत होते.

आता सटवाप्पाबद्दल सांगायला हवं. सटवाप्पा शाळा झाडायचा. गावाबाहेरच्या वस्तीतला, माझ्याच वयाचा. दिवस उगवायच्या आधी येऊन झाडून, नाले साफ करून तो निघून गेलेला असे, कारण शाळा भरल्यावर त्यानं कुणाच्या समोर येऊ नये असा नियम होता. तेव्हा कमिटीतल्या कुणीही काय, हेडमास्तरांनीसुद्धा त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मास्तर पहाटे प्रयोगशाळेत जात, त्यामुळं त्या दोघांची गाठ पडे. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. बोलायचा कमी. त्याची बायको वखारीत तंबाखू चाळायला जायची आणि त्या धुळीनं रात्रंदिवस खोकायची, तेवढं मात्र तो सांगायचा. मास्तरांनी त्याला आपला जुना कोट दिला होता.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्या वर्षी कमिटीचे सगळे सभासद आले. अध्यक्ष तंबाखूचे मोठे व्यापारी, एक वकील, बाकीचे व्यापारीच. माझ्या चित्रांचं प्रदर्शन पाच मिनिटांत उरकून सगळे शास्त्राच्या प्रयोगांकडं गेले. मास्तरांनी शॉकचं यंत्र मांडलं होतं. शाळेत वीज नव्हती. काचेच्या बरण्यांत नवसागराचं पाणी घालून मास्तरांनी स्वतःच सेल केले होते. एका लाकडी पेटीत तारेचं वेटोळं आणि पेटीला जोडलेल्या दोन पितळी मुठी. पहिल्या माणसानं एक मूठ धरायची, शेवटच्यानं दुसरी, मधल्यांनी एकमेकांचे हात. म्हणजे झटका सगळ्यांना एकदम बसतो.

मोठी माणसं पोरांसारखी पुढं झाली. अध्यक्षांनी पहिली मूठ धरली. मग वकील, मग व्यापारी, हेडमास्तर, मी. मी शेवटचा. माझा हात दुसऱ्या मुठीपर्यंत पोचत नव्हता. टेबल मास्तरांनी मुद्दाम लांब ठेवलं होतं की काय, हे मला आजही सांगता येणार नाही. "अजून एक माणूस पायजे," मास्तर म्हणाले, आणि दाराकडं वळून हाक मारली, "सटवाप्पा, ये. धर."

सटवाप्पा दारात उभा होता. संमेलन बघायला यायला मास्तरांनीच सांगितलं असणार. अंगात तो कोट, डोक्याला स्वच्छ पटका. तो आत आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हात पुढं केला, त्यानं धरला, दुसऱ्या हातानं मूठ धरली. मास्तरांनी बटण दाबलं. अध्यक्षांपासून सटवाप्पापर्यंत सगळे एकदम उडाले. असा हशा झाला की बाहेरची पोरं खिडक्यांवर चढली. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, असं अध्यक्षच म्हणाले. दुसऱ्या खेपेला ते जागा बदलून मजेत सटवाप्पाशेजारी उभे राहिले आणि त्याचा हात त्यांनी स्वतः धरला.

खेळ संपल्यावर अध्यक्षांनी हसत सटवाप्पाला विचारलं, "कुठले पाव्हणं आपण?"

"मी शाळा झाडतो जी," सटवाप्पा म्हणाला.

ती माणसं घरी जाऊन आंघोळी करत बसली. थंडीचे दिवस. वकिलांना पडसं झालं ते झटक्यानं झालं असं त्यांच्या घरचे सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी सटवाप्पाला कामावरून काढलं आणि मास्तरांना कमिटीपुढं बोलावलं. साखळीत होतो म्हणून मलाही बोलावलं. जाताना मास्तर खुशीत होते. मला म्हणाले, "तुमीच बघितलासा न्हवं? अध्यक्षाच्या हातातनं गेला त्योच करंट सटवाप्पाच्या हातातनं गेला. कुटं अडला काय?" मी म्हटलं, करंट नाही अडला, नोकरी अडेल. ते हसले. मी काही हसण्यासारखं बोललो नव्हतो.

कमिटीत वकिलांनी सुरुवात केली. आवाज बसलेला. "तुम्ही आडनाव सांगा. म्हणजे ह्या कृत्यामागं काय हेतू होता ते आम्हाला समजेल."

"शॉक आडनावाला बसला काय?" मास्तर म्हणाले. "हाताला बसला. हाताबद्दल इचारा."

"आडनाव सांगायचं नसेल तर तुम्ही उद्यापासून येऊ नका," अध्यक्ष म्हणाले. ते शांत होते. "आणि त्या झाडणाऱ्याचं तर ठरलेलंच आहे."

मास्तर उठले. तेवढ्यात हेडमास्तर मध्ये पडले. घामाघूम झालेला गरीब माणूस. वाईट हेतू नव्हता, शास्त्राचा मास्तर जाऊ नये एवढंच. त्यांनी मास्तरांचं आडनाव सांगून टाकलं.

ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्यानं ते जाणून घेऊन काय करायचं आहे? एवढंच सांगतो की ते ऐकल्यावर खोलीतली तोंडं बदलली. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले. वकिलांना कणकुंबीकडचं ते सगळं घराणं ठाऊक निघालं, त्यांच्यात कुणाची मुलगी दिली होती ते आठवलं. "अहो, मग आधी नाही का सांगायचं?" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही काय काय समजत होतो. विद्वान माणूस, थोडा विक्षिप्तपणा चालायचाच. रविवारी आमच्याकडं जेवायला या." क्षणापूर्वी जो माणूस शाळा बाटवणारा होता तो आता घरचा झाला. तोच माणूस, तोच कोट, तीच काखेतली छत्री.

मास्तरांचा चेहरा मी कधी इतका पडलेला पाहिला नव्हता. "सटवाप्पाचं काय?" त्यांनी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे," वकील म्हणाले.

"त्योच विषय हाय," मास्तर ओरडले. "दोघांनी एकच केलं. मला जेवायला बोलवतासा आणि त्याची भाकरी काढतासा?" ते आणखी पुष्कळ बोलले. आडनावात कुणी पराक्रम केला असेल तर तो आमच्या पणजानं केला असेल, मी काही केलेलं नाही, म्हणाले. राजीनामा देतो म्हणाले. सगळ्यांनी कौतुकानं ऐकून घेतलं. आडनाव कळल्यावर रागसुद्धा गोड लागतो.

संध्याकाळी सटवाप्पा घरी आला. गावात बातमी पसरली होतीच. तो ओट्यावर चढला नाही. अंगणात, पायरीपासून चांगला लांब उभा राहिला.

"वर ये," मास्तर म्हणाले.

"नगं, हितं बरं हाय." तो म्हणाला. "मास्तर, रागवू नगासा, एक इचारतो. त्या दिशी मला बोलवायच्या आधी तुमी मला इचारलंतासा?"

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तुमी राजीनामा देतासा म्हणं. दुसऱ्या गावाला जाशीला, तितं बी आडनाव सांगणार न्हाईसा. तुमाला ते परवडतंय. लईच अंगाशी आलं तर सांगायला हाय तुमच्याकडं. आज कामाला आलंच की. माझं कुणी इचारतबी न्हाय आणि मी लपवलं तरी सगळ्यांस्नी ठाव असतंय." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमचा परयोग झाला. माझ्या घरात ती खोकती हाय. तुमच्या राजीनाम्याचं मी काय करू?"

जग बदलायला निघालेल्या माणसांचा मला राग येतो तो इथं. त्यांचं सगळं बरोबर असतं, आणि हात भलत्याचाच पोळतो. सटवाप्पा गेल्यावरही ते दारातच बसून होते. चूल पेटली नाही. मी माझ्याकडचे चुरमुरे नेऊन दिले, ते तसेच राहिले.

रविवारी सकाळी ते दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बाहेर पडले. छत्री कोपऱ्यातच राहिली. कुठं निघालात, असं मी विचारलं नाही. दुपारी परत आले तेव्हा तोंडात विडा होता. अत्तारांच्या घरात विडा खाऊन आलेले मास्तर मी पहिल्यांदा पाहत होतो.

"जेवण कसं झालं?" मी विचारलं. मला आवाजातला कडवटपणा झाकता आला नाही.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "मला वरच्या पाटावर बसवलं. बसलो. घराण्याच्या गोष्टी इचारल्या. सांगितल्या. पणजापासनं सांगितल्या. मग म्हटलं, माझी एक इनंती हाय, त्या झाडणाऱ्याला परत घ्या. घराण्यातल्या माणसाचा शब्द. तो मोडवंना झाला त्यास्नी." ते खोलीत गेले. जाताना म्हणाले, "मस्टरवर पुरतं नाव लिवायला सांगितलंय. उद्यापासनं लिवतो."

आणि लिहिलं. सोमवारी सकाळी मस्टरवर ते आडनाव होतं, ठळक, वळणदार अक्षरात. त्या दिवशी शास्त्राच्या तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. मास्तरांनी बसूनच उत्तर दिलं. पोरं हसली नाहीत. मी पलीकडच्या वर्गात डस्टर हातात घेऊन उगाच उभा राहिलो. महिन्याभरात गाव त्यांना आडनावानं हाक मारू लागलं, खानावळवाला तर स्वतः घरी येऊन 'आमच्याकडं जेवत चला' म्हणून गेला. त्याला मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सटवाप्पाला काम परत मिळालं. त्या सोमवारीच संध्याकाळी तो सांगायला आला. आला आणि पुन्हा अंगणातच थांबला. मास्तरांना आनंद झाला होता, निदान तसं दाखवत तरी होते. त्यांनी चहा केला, माझा कप भरला, स्वतःचा भरला, आणि तिसरा कप घेऊन पायऱ्या उतरून त्याच्यापुढं धरला. इतके दिवस तो आमच्याच कपातून प्यायचा.

सटवाप्पानं कप घेतला नाही. त्यानं पटक्याच्या टोकात बांधून आणलेली नारळाची करवंटी काढली, पुसली, आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"ह्यात वता," तो म्हणाला. "जरा वरनं."

"सटवाप्पा," मास्तर म्हणाले, "मी त्योच हाय रं."

"व्हय जी," सटवाप्पा म्हणाला. "पर काम ऱ्हायला पायजे."

रस्त्यावरून माणसं जात होती. दोघेतिघे थांबून आमच्या अंगणाकडं पाहत होते. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा करवंटीकडं. मग हात वर नेला आणि चहा ओतला.